८० हर्ट्झ दबला, २४४ वर आला: आमच्या स्नोमोबाइलच्या आवाजाची नोंद

इथे मिशिगनमधल्या होटनमध्ये रात्रभर बर्फ पडला, म्हणून आज आमच्या स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या, आवाजाचं माप घेतलं नाही. ताजा, भुसभुशीत बर्फ आवाज पितो. दाबून घट्ट केलेल्या वाटेवरचे आकडे त्याच्या शेजारी मांडले तर आपण गाडी सुधारली की आभाळानं मदत केली, हेच कळत नाही. हातात दिवस मोकळा आहे, तर गेल्या तीन आठवड्यांचं लिहून काढतो.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेची ‘क्लीन स्नोमोबाइल चॅलेंज’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा २००० साली वायोमिंगमध्ये सुरू झाली. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या स्नोमोबाइलचा धूर आणि आवाज यांवरून तेव्हा मोठा वाद चालू होता. २००३ मध्ये स्पर्धा इकडे मिशिगनच्या कीविनॉ भागात आली. कंपनीची तयार गाडी घ्यायची आणि ती कमी धूर, कमी आवाज करेल अशी बदलायची.

आमचं इंजिन चार-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं, दर फेऱ्याला एक स्फोट. ताशी ३५ मैलांना ते मिनिटाला साधारण ४,८०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ८० स्फोट. एक्झॉस्टची ती घुमणारी धडधड म्हणजे हाच ८० हर्ट्झ. तो मारायला सायलेन्सरच्या आधी पाइपाला बाजूनं एक हेल्महोल्ट्झ रेझोनेटर जोडला: बंद डबा आणि त्याला आखूड मान. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जो सूर निघतो, तेच तत्त्व.

बसवला आणि काही म्हणजे काही फरक पडला नाही. दोन दिवस वेल्डिंगमधली गळती शोधत होतो. चूक माझ्या हिशेबात होती. ध्वनीचा वेग मी ३४३ मीटर प्रतिसेकंद धरला होता, तो खोलीतल्या हवेचा. डब्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घातलं तेव्हा आत २१० अंश सेल्सिअस निघालं. त्या तापमानाला वेग ४४० च्या आसपास जातो आणि डब्याचा सूर त्याच प्रमाणात चढतो. आम्ही ८० साठी बनवलेला डबा चालत्या गाडीवर १०३ हर्ट्झला वाजत होता. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो: मुख्य पाइपातलं तापमान धरूनही चालत नाही. बाजूच्या डब्यात वायू वाहत नाही, त्यामुळे तो बराच थंड असतो. मोजायचं ते डब्यातच.

सूर १०३ वरून ८० वर आणायचा तर मानेची प्रभावी लांबी १.६५ पट हवी, किंवा डबा तेवढा मोठा. बॉनेटखाली जागा नाही, म्हणून मान डब्याच्या आत वाढवली. पुढच्या मापात आवाजाच्या आलेखातला ८० हर्ट्झचा सुळका ९ डेसिबलनं खाली आला. शेडमध्ये सगळे ओरडलो!

आणि ५० फुटांवरच्या मीटरवर एकूण आकडा जेमतेम अर्धा डेसिबल उतरला.

कारण डीबीए, म्हणजे ए-वजन लावून मोजलेले डेसिबल. त्यात मीटर माणसाच्या कानासारखं ऐकतो, खालचे सूर कमी धरतो. ए-वजनात ८० हर्ट्झमधून २२ डेसिबलहून जास्त कापले जातात, २५० ला मात्र साडेआठच. म्हणजे आम्ही मीटरला फारसं ऐकूच न येणारा आवाज मारला होता. छातीत जाणवणारी धडधड कमी झाली, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, कारण जंगलात तीच लांबवर पोचते. पण गुण डीबीएला आहेत.

आता आलेखात सर्वांत उंच सुळका २४४ हर्ट्झला उभा आहे. तो कुणाचा? या गाडीला गिअर नाहीत, पट्ट्याचा सीव्हीटी (गुणोत्तर सलग बदलणारी यंत्रणा) आहे, त्यामुळे तोच वेग ठेवून चढावर इंजिनचे फेरे वाढतात. चढावर आणि सपाटीवर, दोन्हीकडे ३५ मैलांनी गेलो. इंजिनचा सुळका सरकला, २४४ चा जागचा हलला नाही. मग गाडीखाली फिरणाऱ्या रबरी ट्रॅकचे दात मोजले: दोन दातांत ६४ मिलिमीटर. ३५ मैल म्हणजे सेकंदाला १५.६ मीटर. भागून बघा: सेकंदाला २४४ दात. सुळका ट्रॅकचा आहे.

ट्रॅकला वरून झाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला, म्हणजे बोगद्याला, आतून फोम लावला होता, तोही गेला. उघड्या छिद्रांचा फोम होता. बर्फ शिरला, वितळला, रात्रीत गोठून दगड झाला. आता बंद छिद्रांचा फोम आणि पत्र्याला कंपन शोषणारं शीट मागवलंय. शीट लावायच्या आधी पत्र्यावर बोटानं टकटक करून कुठे जास्त वाजतो ते खडूनं आखतोय, सगळीकडे लावलं तर वजन वाढेल.

ज्यांनी ट्रॅकची मोठी बोगी चाकं (ट्रॅकला आतून आधार देणारी छोटी चाकं) लावून पाहिलीत, त्यांनी व्यास आणि आधी-नंतरचा आलेख दोन्ही कळवा. वाट पुन्हा दाबून झाली की शनिवारी पहाटे, वारा नसताना, मी माप घेणार आहे.