पद्मिनीची काच कुठे मिळाली?

पेट्रोल पंपावर, सिग्नलला, एकदा तर चुलत बहिणीच्या लग्नात ऐन पंगतीत हा प्रश्न आलाय. "फियाटची पुढची काच अजून मिळते? कुठून आणलीत?" विचारणारा बहुतेक वेळा माझ्या नवऱ्याकडे बघून विचारतो. त्या बिचाऱ्याला स्टिअरिंगजवळचा गिअर टाकता येत नाही. गाडी माझ्या बाबांची, १९८१ ची प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे फियाटच म्हणतात, आणि काचेसाठी उन्हात फिरले ती मी. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधीची काच शिरवळच्या अलीकडे गेली. पुढे खडीचा ट्रक होता. टण्ण असा एक आवाज आला आणि समोरचा रस्ताच दिसेनासा झाला. काच खाली पडली नाही, जागच्या जागी पांढरीफटक जाळी झाली. रुमाल गुंडाळलेल्या मुठीने भोक पाडलं, त्यातून बघत गाडी कडेला घेतली. मग मांडीवर खडीसाखरेचा पाऊस.

ती काच टफन्ड होती. अशी काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो, आणि तो ताण काचेत कायमचा कोंडून राहतो. म्हणून ती मजबूत असते, आणि म्हणूनच फुटली की सगळीच्या सगळी फुटते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. दगड लागला तर एक तडा जातो, पण पुढचं दिसत राहतं. पुढच्या काचेला लॅमिनेटेडच घ्या, दुकानदार काहीही सांगो.

शोध सुरू केला पुण्याच्या नाना पेठेतून. दुसऱ्या की तिसऱ्या दुकानातल्या काकांनी मला सगळं गणित एका वाक्यात सांगितलं: "ताई, टॅक्सी बंद झाल्या, आता कोण ठेवतंय?" मी रस्त्यावर आले आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं आम्ही हौशी फियाटवाले मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर गाड्या चालवत होतो. हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी रोज रस्त्यावर, रोज कुणाची तरी काच फुटणार, म्हणून कुणीतरी ती बनवणार, कुणीतरी फळीवर ठेवणार. आपण फक्त जाऊन उचलायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, मीही डोळे पुसत वाचले. काचेचा विचार मात्र तेव्हा मनात आला नाही.

मग कुर्ला. जिथल्या कारखान्यात ही गाडी जन्मली तिथल्याच भंगारवाल्यांकडे तिची काच शोधायची, हे जरा स्मशानात पाहुणचाराला गेल्यासारखं वाटत होतं. पहिली काच स्वच्छ दिसली, पण तिरकी धरून ट्यूबलाइट बघितली तर वायपरने कोरलेली कमान. नख अडकत होतं. बारीक ओरखडे पॉलिशने जातात, नख अडकलं की सोडून द्यायचं. घासून घासून तिथे खळगा होतो आणि रात्री समोरचे दिवे त्यात पोहायला लागतात. दुसरी लॅमिनेटेड, पण कडेने दुधाळ झालेली. पडदा सुटायला लागला होता. तिसऱ्या ठिकाणी चाचा म्हणाले, "बैठो, देखता हूं," आणि पोटमाळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोरी काच उतरवली. मी घरून ब्राउन पेपरवर चौकटीचा आकार कापून नेला होता, तो लावून बघितला. "सब फियाट को एकही लगता है," हे ऐकून गाडीभाडं खर्च करू नका.

आणायची उभी, आडवी कधीच नाही. आम्ही दोन गोधड्यांमध्ये, टेम्पोच्या फळीला बांधून आणली.

आता खरी गोष्ट, जी कुणी विचारत नाही: काच चौकटीत धरून ठेवणारं रबर. जुनं रबर काढल्यावर चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पत्रा गंजून बिस्किटासारखा झालेला. पावसाळ्यात पायाखालचं कार्पेट का ओलं व्हायचं ते चाळीस वर्षांनी कळलं. पत्रा कापून नवा जोडला, सपाट केला. तिथे एवढासा उंचवटा राहिला तरी नवी काच बसताना किंवा महिन्याभराने आपोआप तडकते. या सगळ्याला काचेपेक्षा जास्त पैसे गेले.

बसवणारे गृहस्थ सत्तरीचे. त्यांनी आधी काचेला रबर चढवलं, रबराच्या आतल्या खाचेत सगळीकडून सुतळी फिरवली, टोकं खाली मध्यावर सोडली, साबणाचं पाणी लावलं. मी बाहेरून तळहाताने दाबत होते, ते आत बसून सुतळी ओढत होते. सुतळी निघत जाते तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावर चढत जाते. वीस मिनिटांत काम संपलं.

दाराच्या काचा सपाट, त्यामुळे तो प्रश्न सोपा. समोरच्या दारातली ती वारा घ्यायची त्रिकोणी काच मी कागदाच्या मापाने लॅमिनेटेडमधून कापून घेतली. हिरकणी, म्हणजे काच कापायचं हत्यार, दोन्ही बाजूंनी फिरवावी लागते, मग मधला पडदा कापायचा. टफन्ड काच कापता येत नाही, हिरकणी लावली की खडीसाखर. आणि खिडकीच्या साध्या काचेचा तुकडा कुणी स्वस्तात बसवून देत असेल तर नको. अपघातात तिची सुरी होते. एकाने मला गडद रंगाची देऊ केली होती. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे, म्हटलं राहू दे.

मागची काच अजून मूळचीच आहे, पण त्या दिवशी चाचांकडून एक जास्तीची उचलली. ती आमच्या बेडरूममध्ये कपाटामागे गोधडीत उभी आहे. नवरा दर दिवाळीला साफसफाई करताना विचारतो, हिचं काय करायचं.