ज्योतीतली वाफ आणि फोंड्याची हवा

माझा एक जुना विद्यार्थी सध्या गोव्याबाहेर लेझरने ज्योतीतले वायू, मुख्यतः पाण्याची वाफ, मोजतो: किरण ज्योतीतून सोडायचा आणि वाफेने त्यातला किती प्रकाश शोषला ते बघायचं. चवथीला घरी आला होता. नेवऱ्या खाता खाता म्हणाला, ‘‘सर, आपल्या कॉलेजच्या लॅबमध्येही जमेल की हे.’’ म्हटलं, फोंड्यात? आणि भाद्रपदात? आधी कागद घे.

एलपीजी पुरेशा हवेत नीट जळला, तर तयार होणाऱ्या गरम वायूंत पाण्याची वाफ साधारण 15 टक्के असते. आमच्याकडे पावसाळ्यात तापमान 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के धरली, तर खोलीतल्या हवेत वाफ साडेतीन टक्क्यांच्या आसपास. वरवर ज्योत चौपट पुढे. पण 1800 केल्विनला (साधारण 1500 अंश सेल्सिअस) वायू खोलीतल्या हवेच्या सहापट विरळ होतो. म्हणजे सेंटिमीटरामागे पाण्याचे रेणू ज्योतीपेक्षा बाहेरच जास्त! त्यात लेझरचा किरण ज्योतीतून जाणार जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, उरलेली सगळी वाट फोंड्याच्या हवेतून. तो हसला. त्याच्या लॅबमध्ये त्या वाटेवर कोरडा नायट्रोजन सोडतात, म्हणाला.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. पाण्याची वाफ 1.4 मायक्रोमीटरच्या आसपास पुष्कळ बारीक रेषांवर प्रकाश शोषते. यातल्या काही रेषा अशा, की त्या शोषायला रेणू आधीच वरच्या ऊर्जापातळीवर असावा लागतो. खोलीच्या तापमानाला तिथे जवळपास कोणी नसतं, ज्योतीत मात्र गर्दी. अशी रेषा निवडली की बाहेरची दमट हवा मोजमापात फारशी लुडबुडत नाही. शिवाय एक ‘थंड’ आणि एक ‘गरम’ अशा दोन रेषांच्या शोषणाचं गुणोत्तर घेतलं, की त्यातून तापमान निघतं. लेझर डायोडचा विद्युतप्रवाह किंचित कमी-जास्त केला की तरंगलांबी सरकते. ती रेषेवरून जाते तेव्हा पलीकडच्या डिटेक्टरच्या आलेखात एक खड्डा पडतो. खड्डा किती खोल, यावरून बिअर-लँबर्टच्या नियमाने (वाटेत वायू जितका जास्त, तितका प्रकाश जास्त शोषला जातो) वायूचं प्रमाण.

ज्योतीत थर्मोकपल (तापमान मोजणारी, दोन धातूंची जोडलेली तार) घुसवलं तर काय बिघडतं, असं मुलं विचारतात. तार स्वतःच उष्णता बाहेर फेकते, त्यामुळे तापमान कमी दाखवते, आणि ज्योतीचा प्रवाह विस्कटते ते वेगळंच.

लेझर आमच्याकडे नाही, पण शोषण दाखवायला तो लागतच नाही. न्यूटनच्या रिंगांच्या प्रयोगासाठी असतो तो सोडियमचा दिवा बहुतेक कॉलेजांत आहे. लावल्यावर आधी निऑनमुळे गुलाबी दिसतो, दहाएक मिनिटांनी पिवळाधमक होतो. त्याच्यापुढे स्पिरिटचा दिवा ठेवायचा आणि वातीवर पेडण्याच्या मिठागरातल्या जाड्या मिठाचं दाट पाणी घालायचं. (स्पिरिटऐवजी फेणी सुचवणारे दरवर्षी भेटतात. तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं, ज्योत मरतुकडी होते. आणि फेणी वाया जाते.) अंधाऱ्या खोलीत मागची मुलगी ओरडली, ‘‘सर, उजो काळो दिसता!’’ (उजो म्हणजे आग.) काळाच दिसतो. दिव्याचा 589 नॅनोमीटरचा प्रकाश ज्योतीतले सोडियमचे अणू गिळतात आणि चहूकडे उधळतात. डोळ्यापर्यंत त्यातला थोडाच पोचतो.

मग दिवा काढून मागे साधा पिवळट बल्ब लावतो. काळी ज्योत गायब! बल्बच्या प्रकाशात सगळ्या तरंगलांबी असतात. त्यातल्या दोन बारीक रेषा गेल्या तर डोळ्याला पत्ता लागत नाही. त्यासाठी वर्णपटमापक हवा. किर्चहॉफने 1859 मध्ये हायडेलबर्गला मिठाच्या ज्योतीतून सूर्यप्रकाश नेला, तेव्हा वर्णपटातल्या डी रेषा (सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाच्या जागी दिसणाऱ्या दोन काळ्या रेषा) आणखी गडद झालेल्या त्याला दिसल्या. सूर्यावर सोडियम आहे हे त्यातूनच कळलं. हा भाग मी पोर्शन मागे पडला तरी सोडत नाही.

एका गोष्टीवरून मात्र त्या जुन्या विद्यार्थ्याशी माझा वाद झाला. किरण वाटेतल्या सगळ्याची बेरीज सांगतो. ज्योतीचा मधला भाग तापलेला, कडा थंड, आणि हाती येतो एकच आकडा. ती सरासरीसुद्धा सरळ नसते, कारण प्रत्येक रेषा तापमानानुसार वेगवेगळं झुकतं माप देते. अनेक कोनांतून किरण सोडून सीटी स्कॅनच्याच गणिताने आतला नकाशा काढता येतो, पण त्याला लेझर, डिटेक्टर आणि पैसे लागतात. त्याचं म्हणणं, सपाट बर्नरवर (तिथे ज्योत बहुतेक सगळीकडे सारखीच तापलेली असते) एक किरण पुरतो. सपाट बर्नरवर पुरेल, मान्य. पण शेगडीच्या ज्योतीचं तापमान म्हणून एकच आकडा छापलेला दिसला, की मी आधी किरण कुठून कुठे गेला ते शोधतो, आणि बऱ्याचदा ते लिहिलेलंच नसतं.