पुठ्ठ्याची खुर्ची

डिझाइन शिकणाऱ्याला नापास होण्याची भीती तशी कमीच असते. नापास होणारे थोडे, आणि तेही बहुतेक काम वेळेवर न दिल्यामुळे. खरी धास्ती असते ती ज्युरीची. गणिताचं उत्तर चुकलं तर ते गठ्ठ्यात बांधलं जातं आणि कुठला तरी अनोळखी परीक्षक ते वाचतो. इथे आपण केलेली वस्तू टेबलावर, आपण तिच्या शेजारी उभे, समोर तीन-चार जाणती माणसं आणि मागे अख्खा वर्ग. त्यातलं एक माणूस चष्मा कपाळावर चढवून म्हणतं, "हा कोपरा असा का?" प्रश्न कोपऱ्याबद्दल असतो, लागतो मात्र आपल्याला.

या धास्तीवर मुलं जे उपाय काढतात ते मोठे गमतीचे. पहिला उपाय म्हणजे काम सुरूच न करणं. आळस म्हणून नव्हे हं, बिचारी दिवसभर राबत असतात. संदर्भाची चित्रं जमवतात, फॉन्ट निवडतात, वहीचं पहिलं पान मनासारखं येईना म्हणून नवी वही काढतात. कल्पना डोक्यात आहे तोवर तिला नावं ठेवायची कोणाची प्राज्ञा नाही.

दुसरा उपाय बरोबर उलटा. काम इतकं चकचकीत करायचं की कोणाला बोट ठेवायला जागाच उरू नये. सुचलेली पहिलीच कल्पना थेट संगणकावर चढते. तिला लाकडाचा पोत मिळतो, खिडकीतून तिरपा उजेड येतो, मऊ सावल्या पडतात. हल्ली तर हे सगळं इतक्या झटपट होतं की अर्धवट विचारही पूर्ण झाल्यासारखा दिसतो. मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना राहिलोय, म्हणून सांगतो, हा उपाय पहिल्यापेक्षा महागात पडतो. एकाच चित्रावर आठवडाभर जागरणं केली की त्याबद्दल वाकडा शब्द ऐकवत नाही. काम चांगलं की वाईट यापेक्षा त्यात आपण आधीच किती जीव ओतून बसलोय, यावर भीती वाढते.

आणि एवढं करून पदरात काय पडतं? चकचकीत चित्रासमोर माणसं वरवरचं बोलतात. "रंग जरा फिका चालला असता." झालं. त्याऐवजी पुठ्ठ्याची, चिकटपट्ट्या लावलेली, एका अंगाला कललेली खुर्ची ठेवून बघा. लगेच हात पुढे येतात. कोणी ती उलटी करतं, कोणी पाठ दाबून बघतं, कोणी "पाय थोडे मागे घे" म्हणत स्वतःच पेन्सिलीनं खूण करतं. अशा वस्तूवर निकाल द्यायचं कोणाच्या मनातही येत नाही, सगळे दुरुस्तीलाच लागतात.

कॉलेजातल्या प्रेरक भाषणांत ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांचा आकडा हमखास येतो: पिशवीविना चालणारा व्हॅक्युम क्लीनर जमेपर्यंत त्यांनी ५,१२७ नमुने केले. आकडा खरा आहे, पण तो ऐकून धीर येण्याऐवजी छाती दडपते. मला त्या गोष्टीत आवडतो तो अगदी सुरुवातीचा नमुना. घरच्याच जुन्या यंत्रावर पुठ्ठा आणि चिकटपट्टीनं बसवलेला. पुढचे नमुने करतानाही ते एका वेळी एकच गोष्ट बदलत. म्हणजे बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळतं, आणि एक नमुना वाया गेला म्हणून आभाळ कोसळत नाही.

अमेरिकेतले डिझाइनर चार्ल्स ईम्स आणि ईरो सारिनेन यांची गोष्ट त्याहून बोलकी. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९४० साली जाहीर केलेल्या स्पर्धेत त्यांच्या खुर्च्यांना बक्षीस मिळालं. बैठक आणि पाठ सलग, वाकवलेल्या प्लायवूडची. कागदावर देखणी, पण दोन दिशांनी एकदम वाकवताना प्लायवूड तडकायचं. तडा लपवायला वरून गादी-कापड चढवावं लागलं. पुढे चार्ल्स आणि त्यांची पत्नी रे ईम्स यांनी राहत्या घरात प्लायवूड वाकवायचं यंत्र उभं केलं आणि युद्धकाळात अमेरिकी नौदलासाठी जखमींच्या पायाच्या खपच्या बनवल्या. त्यांत ताण येणाऱ्या जागी चिरा आणि भोकंच ठेवली. युद्धानंतर त्यांची प्लायवूडची खुर्ची आली, तेव्हा बैठक वेगळी आणि पाठ वेगळी होती. मधली जागा मोकळीच. जिथे लाकूड तडकत होतं तिथे लाकूडच ठेवलं नाही! आज डिझाइनच्या वर्गात दाखवतात ती बहुधा हीच खुर्ची.

म्हणून पहिल्या ज्युरीला मी फक्त पुठ्ठा, कटर आणि चिकटपट्टी चालवतो. मुलं कुरकुरतात. काहींची धास्ती यानंही जात नाही. ती पुठ्ठाही मोजपट्टी लावून, कडा घासून आणतात. परवा मात्र एकीच्या खुर्चीबद्दल आमच्यातले एक जण म्हणाले, मागचे पाय उगाच लांब झालेत. तिनं खिशातून कटर काढला, दोन्ही पाय तिथल्या तिथे कापले. खुर्ची धपकन मागे उलटली.

"बघा," ती म्हणाली, "मी पण काल हेच केलं होतं."