पर्लकोटा चढायच्या आधी

पर्लकोटा नदी चढली की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता तुटतो, हे दरवर्षीचंच. वीज आणि मोबाईलही गेले की तालुक्याचा निरोप जिल्ह्याला पोचवायला वायरलेस उरतो. पण हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओ चालवणाऱ्या, स्वयंसेवकांची फळी जुलैत उभी करता येत नाही. परीक्षा आणि परवाना यांत महिने जातात, म्हणून नावं दिवाळीनंतर लगेच गोळा करायची. मे संपायच्या आत जिल्हाधिकारी कार्यालयाचं लेखी पत्र प्रत्येकाच्या खिशात हवं. पत्र नसेल तर तहसीलच्या गच्चीची किल्लीसुद्धा मिळत नाही.

माणसं मोजताना भाताची रोवणी विसरू नका. ऐन पुराच्या दिवसांत यादीतला ऑपरेटर बांधीत चिखलात असतो. सहा तासांची पाळी धरली तर एका केंद्राला दिवसाला चार परवानाधारक लागतात, यादीत सहा ठेवा. प्रत्येक पाळीला एक लेखनिकही हवा. त्याला परवाना लागत नाही, अक्षर लागतं.

गडचिरोली ते भामरागड रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या वर, मध्ये डोंगर आणि जंगल. हातातला व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा) सेट बोटीपुरता, गावापुरता. जिल्ह्याशी बोलायला दिवसा 7.1 मेगाहर्ट्झ. साधारण 10-10 मीटरच्या दोन तारांचा डायपोल (अँटेना) जमिनीपासून 4-5 मीटरवर बांधा. उंच खांबाच्या मोहात पडू नका. तार खाली असली की लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरांत परत उतरते, डोंगर आडवा येतच नाही. रात्री हा बँड जवळच्या केंद्रांना सोडून दूरचं ऐकवू लागतो, तेव्हा 3.6 मेगाहर्ट्झवर जायचं. तिथे तारा 20-20 मीटर. दोन्ही जोड्या आधीच कापून, चिठ्ठी लावून, गुंडाळून ठेवा.

बॅटरीचा हिशेब: नुसतं ऐकायला सुमारे 1 अँपिअर, म्हणजे दिवसाचे 24 अँपिअर-अवर. बोलण्याचे तेवढेच धरा. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही, म्हणून 100 अँपिअर-अवरची हवी. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चालते, पण इन्व्हर्टर बंद करून. नाहीतर सेटवर नुसती खरखर.

गोंधळ होतो तो निरोपात. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ खरखरीत सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘पाच, नऊ’ असं सुटं बोलायचं. गावाचं नाव खुर्द की बुजरुक, तालुका कोणता, हे प्रत्येक वेळी. ‘बु.’ गळलं की बोट दुसऱ्याच गावाला जाते. निरोपाला क्रमांक, 24 तासांची वेळ, कोणाकडून, कोणाला. ऐकणाऱ्याने पूर्ण वाचून दाखवल्यावरच ‘मिळाला’.

दर रविवारी अर्धा तास नेट, म्हणजे सगळ्या केंद्रांचा वायरलेसवरचा सराव, घ्या आणि हजेरी वहीत मांडा. सराव मोबाईल जवळ असताना घेतला तर सगळे व्हॉट्सॲपवर विचारून मोकळे होतात आणि वहीत निरोप मात्र बिनचूक दिसतात. फोन आधी पेटीत.