कार्ड नं. ११८ : साबुदाण्याने घाम फोडला

मी क्विझच्या प्रश्नांची कार्डं बनवतो, त्यातलं ११८ नंबरचं कार्ड मागच्या अपडेटमधे पास म्हणून टाकलं होतं ना, लॅमिनेट पण केलं होतं, ते फाडलं. आषाढीला सोसायटीत क्विझ घेतली, प्रश्न होता साबुदाण्याच्या खिचडीतले अमेरिका खंडातून आलेले पदार्थ किती, उत्तर चार, साबुदाणा दाणे बटाटा मिरची. तर मागून एक काका उठले, "साबुदाणा झाडाच्या खोडातून काढतात, मलेशियाकडे, उत्तर तीनच." टाळ्या त्यांना, पॉइंट पण त्यांनाच.

पुढचे दोन आठवडे ह्यातच गेले. गंमत म्हणजे काका अर्धे बरोबर होते! 'साबु' शब्द मलय भाषेतल्या 'सागू'चाच, आणि असली सागू तिकडच्या सागो पामच्या खोडातलीच. पण आपण रात्री भिजत घालतो तो दाणा टॅपिओकाचा, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा, आणि कसावा पक्का दक्षिण अमेरिकेचा. त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८० च्या दशकात त्याची लागवड वाढवली, मग दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा माल यायचा बंद झाला तेव्हा तमिळनाडूत सेलमकडे ह्या कंदापासून साबुदाणा करायला लागले. नाव एका झाडाचं, माल दुसऱ्याचा. आणि पुरावा कुठे मिळाला, तर घरात, डबा भरून झाल्यावर पिशवी टाकायच्या आधी मागची बारीक अक्षरं वाचली, 'टॅपिओका सागो', दोन्ही नावं शेजारी शेजारी!! तो तुकडा कापून नवीन कार्डाला स्टेपल केलाय.

(लॅमिनेशनची घाई करू नका. आणि जेल पेन अजिबात नको, साधं बॉलपेन घ्या, माझी तीन कार्डं फिसकटली.)

आता प्रश्न उलटा करायचा म्हणतोय, खिचडीतलं मूळचं इथलं काय? उत्तर जिरं लिहिणार होतो पण जिरं पण पश्चिम आशिया, भूमध्य समुद्राकडचं निघालं. सैंधव खेवड्याच्या खाणीतलं, म्हणजे आता पाकिस्तानात. उरलं तूप. तेही म्हशीचं म्हटलं की बिनधास्त, म्हैस इथेच माणसाळवलेली.

थांबा, हे टाइप करतानाच सुचलं, एका कार्डाऐवजी उपासाच्या अख्ख्या ताटाचीच राउंड करतो. रताळं अमेरिका, राजगिरा पण अमेरिका, वरी मात्र आपली. शिंगाड्याचं कार्ड अजून कोरं आहे.

काकांचा पॉइंट परत घेणार नाहीये, गणपतीत परत त्यांच्यासमोरच क्विझ घ्यायचीय.