गिटारच्या नेकचं उडालेलं पॉलिश: माझा अनुभव

माझी इलेक्ट्रिक गिटार फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर धाटणीची आहे. नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, मेपलची. फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची पुढची पट्टी, तोही त्याच लाकडाचा. वर्षानुवर्षं वाजवून नेकच्या पाठीवरचं पॉलिश पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) पाचव्यापर्यंत, म्हणजे जिथे अंगठा टेकतो तेवढ्या भागात, पार उडालं होतं. आतलं लाकूड उघडं पडलं होतं आणि करडं होत चाललं होतं.

अशी झीज अनेकांना आवडते. मलाही उघड्या मेपलचा स्पर्श आवडतो. एप्रिल-मेमध्ये घामेजलेला हात चकचकीत पॉलिशवर अडकतो, लाकडावर सरकतो. तरीही दुरुस्ती करायचीच असं मी ठरवलं, ते मेपलच्या स्वभावामुळे. रोझवूडमध्ये स्वतःचं तेल असतं, म्हणून रोझवूडचे फ्रेटबोर्ड बिनपॉलिशचे चालतात. मेपलमध्ये ते नसतं. ते घाम आणि मळ पिऊन घेतं, आणि आत गेलेला मळ परत निघत नाही. त्यात आपलं नागपूर. मेमध्ये पारा 45 च्या पुढे आणि हवा कोरडी ठाक, जुलैत तीच हवा ओलीचिंब. लाकूड पावसाळ्यात ओलावा घेतं, उन्हाळ्यात सोडतं, आणि नेकचा बाक बदलत राहतो. पॉलिशने हे पूर्ण थांबत नाही, पण वेग नक्की कमी होतो. उघड्या जागेला तेवढंही संरक्षण नव्हतं.

आधी शोधून काढायचं होतं की मूळ पॉलिश कशाचं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. 1950 च्या दशकात फेंडरच्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं. 60 च्या दशकाच्या अखेरीस कंपनी पॉलिएस्टरकडे वळली. आजच्या बहुतेक गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असतं. परीक्षा सोपी आहे. नेकचे चार स्क्रू काढायचे, बॉडीच्या खाचेत लपणाऱ्या टोकावर लॅकर थिनरचा एक थेंब कापसाने लावायचा. नायट्रो लगेच चिकट होतं. माझं जसंच्या तसं राहिलं, म्हणजे पॉली, पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर.

इथेच खरी अडचण आहे. नायट्रो किंवा लाखेचा नवा हात जुन्या थराला विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे तेवढाच भाग दुरुस्त केला तरी सांधा दिसत नाही. पॉलीचं तसं नसतं. प्रत्येक थर आधीच्या थरावर वेगळा बसतो, आणि फक्त झिजलेल्या जागी लावून घासलं तर कडेला नकाशावरच्या सीमारेषेसारखी ओळ उमटते. बोटाला ती जाणवतेच.

नेक घेऊन मी लकडगंजला गेलो. लाकूडबाजार असल्याने तिथे फर्निचर पॉलिश करणारे कारागीर भेटतात, आणि मला गिटारवाल्यापेक्षा लाकूडवाल्याचं मत हवं होतं. एका काकांनी नेक उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, नखाने कड तपासली. म्हणाले, "भाऊ, मेलामाइन मारून देतो, चकाचक होते. पण सगळं घासा लागते, अन् जाड बसते."

जाड मला नको होतं. नेकची जाडी हाताला पाठ असते, थोडासा फरकही खटकतो. मी ते सांगितल्यावर काका जरा थांबले. मग म्हणाले, "तं मंग चपडा लावा ना. जेवढं उघडं हाय तेवढंच भरा आधी. वरून काय लावाचं ते सगळ्यावर लावा."

पुढचं सगळं काम या दोन वाक्यांवर उभं राहिलं. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. लाखेचा किडा पळसावर, बोरावर, कुसुमावर वाढतो. विदर्भात पळसाला काय तोटा! लाखेचा मोठा गुण असा की ती जवळपास कशावरही धरते, लाकडावरही आणि जुन्या पॉलीवरही. मोठी उणीव अशी की स्पिरिटने विरघळते. हाताला सॅनिटायझर लावून गिटार धरली की लाख चिकट होणार. म्हणून लाख खाली, भरावासाठी आणि पकडीसाठी. वर घामाला टिकणारा पॉलियुरेथेनचा पातळ हात.

एक गोष्ट काकांनी सांगितली नव्हती, ती मला वाचनातून ठाऊक होती. साध्या चपड्यात मेण असतं आणि मेणावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही. चपडा साधारण 100 मिलिलिटर स्पिरिटला 12 ग्रॅम या प्रमाणात काचेच्या बाटलीत विरघळवला आणि हलवाहलव न करता ठेवून दिला. मेण गढूळ होऊन तळाशी बसतं. वरचं नितळ, मधाच्या रंगाचं द्रावण हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत ओतून घेतलं.

कामासाठी मी दिवाळीनंतरचा काळ निवडला, आणि नागपुरात कोणालाही तोच सुचवेन. पावसाळ्यात स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि पॉलिश पांढुरकं पडतं. मेमध्ये उलट, हात फिरवेपर्यंत ते सुकतं आणि पट्टे उठतात.

सफाईला सर्वांत जास्त वेळ दिला. फ्रेटबोर्डच्या कडांना आणि हेडस्टॉकला, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांच्या टोकाला, मास्किंग टेप लावली. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या चिंधीने पाठ पुसत राहिलो, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. मग 320 नंबरचा सँडपेपर, फक्त झिजलेल्या जागी आणि फक्त लांबीच्या दिशेने. उडालेल्या पॉलिशच्या कडेची पायरी बोटाला लागेनाशी झाली की थांबायचं. करडेपणा पूर्ण काढायला लाकूडच घासावं लागलं असतं, आणि त्याने नेकचा आकार बदलला असता. हलका करडा डाग मी राहू दिला. तो या गिटारचा आहे.

लाख लावायला कापसाचा बोळा, त्यावर जुन्या धोतराचं धुऊन मऊ झालेलं कापड. बोळा नेकवर टेकवताना तो आधीच हलता हवा आणि उचलतानाही हलताच. मध्ये थांबला की डाग पडतो. बोळा अडकायला लागला तर त्याला जवसाच्या तेलाचा एक थेंब. उघडं लाकूड पहिले हात पिऊन टाकतं. मग हळूहळू खड्डा भरतो. तो जुन्या पॉलीच्या पातळीला आला की 400 च्या पेपरवर सपाट करून घ्यायचा आणि उरलेलं तेल पुसून काढायचं.

आता काकांच्या बोलण्याचा दुसरा भाग. बॉडीच्या खाचेत बसणारं टोक सोडून हेडस्टॉकच्या वळणापर्यंत नेकची सगळी पाठ 600 ने हलकी मॅट केली. तेलावर आधारलेलं पॉलियुरेथेन टर्पेंटाइनमध्ये निम्मंनिम पातळ केलं आणि चिंधीने संपूर्ण पाठीवर एकाच ओघात पुसून लावलं. पूर्ण पाठ झाकल्याने सीमारेषा उमटायला जागाच उरत नाही. पॉलिशच्या दोन हातांच्या मध्ये एक दिवस, आणि पुढचा हात लावण्याआधी हलकी घासणी, कारण इथे थर एकमेकांत विरघळत नाहीत. नेक ट्यूनरच्या (खुंटीच्या) भोकातून तार ओवून बंद खोलीत टांगली, धूळ बसू नये म्हणून. बॉडीच्या खाचेत बसणाऱ्या टोकाला काहीही लावू नये. तिथे जाडी वाढली की तारांची उंची बदलते.

तेलकट चिंध्यांबद्दल हे आवर्जून सांगतो: जवसाचं तेल किंवा तेलाचं पॉलियुरेथेन लागलेल्या चिंध्या गोळा करून फेकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चोळामोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. मी त्या पाण्यात भिजवून, पसरून वाळवल्या आणि मगच टाकल्या.

शेवटचा हात लागल्यावर नेक लगेच जोडली नाही. वरून सुकलेलं पॉलियुरेथेन आतून पक्कं व्हायला काही आठवडे घेतं, थंडीत जास्तच. त्यानंतर राखाडी स्कॉच-ब्राइट घासणीने लांबीच्या दिशेने चमक मोडली. हेच काम अनेकजण स्टील वूलने करतात, पण त्याचे लोखंडी कण पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाच्या, चुंबकांना चिकटतात. स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवून जुन्या आट्यात 'टक' बसू द्यायचा आणि मग आवळायचा. नाहीतर मेपलमध्ये नवा आटा पडतो आणि पकड जाते.

आता त्या जागेवरून अंगठा फिरवला तर कड लागत नाही. तिरप्या उजेडात करडा डाग मधाच्या रंगाखाली दिसतो. हात उघड्या लाकडाइतका मोकळा सरकत नाही, पण आधीच्या चकचकीत पॉलिशपेक्षा खूपच बरा. पुढची बाजू, फ्रेटच्या मधली झीज, तशीच आहे. दोन फ्रेटमधल्या चिंचोळ्या जागेत बोळा नीट फिरत नाही, आणि फ्रेट बदलताना तो भाग मोकळा होणारच आहे. तोवर तिथे दर वाजवण्यानंतर कोरडं सुती कापड फिरवतो, आणि चपड्याची उरलेली बाटली सावलीत ठेवली आहे. फार महिने मात्र ठेवता येणार नाही. विरघळलेली लाख जुनी झाली की नीट सुकत नाही.