पोटात काही नसलेला तिंगमो

मोमो आता गल्लोगल्ली मिळतो. त्याच भांड्यात, त्याच वाफेवर शिजणारा तिंगमो, म्हणजे तिबेटी वाफवलेला पाव, मात्र शोधत हिंडावं लागतं. कारण उघड आहे, त्याच्या पोटात काही नाही. अळूवडीचा उंडा असतो तशी मैद्याची गुंडाळी, कापून पीळ दिलेली, चवीला जवळजवळ कोरी. त्यात चीज भरणाऱ्यांनी सरळ मोमो खावा. शाप्ताचा, म्हणजे परतलेल्या मांसाचा, तिखट रस शोषून घ्यायला हा कोरेपणाच कामाला येतो.

पाव किलो मैदा, चमचाभर यीस्ट, चिमूटभर साखर, १४० मिली कोमट पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट भिजवून दहा मिनिटं मळायचं. दुप्पट फुगलं की अर्धा सेंटिमीटर जाड लाटायचं, तेलाचा हात फिरवायचा, मीठ भुरभुरायचं. तेलात कंजूषी केली तर पदर एकमेकांना चिकटतात आणि उलगडत खाण्यातली मजा जाते. गुंडाळी करून तुकडे कापायचे, दोन तुकडे एकावर एक ठेवून मधोमध काडीनं दाबायचं, ताणून पिळायचं.

घाई नेमकी इथे नडते. पिळलेले तिंगमो पुन्हा वीस मिनिटं झाकून ठेवले नाहीत तर ते दडस होतात. फार वेळ ठेवले तर वाफेत फुगून बाहेर आल्यावर सुरकुततात. झाकणाला फडकं बांधायचं, नाहीतर पाण्याचा थेंब पडतो तिथे चिकट खळगा होतो. पंधरा मिनिटांनी आच बंद करायची, पण झाकण लगेच उघडायचं नाही. आतली वाफ एकदम निवली की तिंगमो बसतो.

ल्हासा ३,६५० मीटरवर. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून वाफवायला वेळ जास्त लागतो. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. विदर्भातल्या मे महिन्यात पीठ तासभर विसरलात तर आंबूसच होणार. मग सोडा घालून आंबटपणा मारता येतो, पण चिमूट जास्त झाली की पिवळे डाग आणि साबणाचा वास. त्यापेक्षा पीठ लवकर लाटलेलं बरं.

उरलेले तिंगमो दुसऱ्या दिवशी काप करून तुपावर खरपूस भाजतात. खरं सांगायचं तर ताज्यापेक्षा तेच जास्त चांगले लागतात. मग कालचा एवढा खटाटोप कशासाठी, ते विचारू नका.